राजदूत आणि राणी

कोणत्याही दोन वस्तूंची तुलना करावयाची म्हटली म्हणजे मनुष्याचें मन निःपक्षपाती राहणें कठीण असतें. आणि त्यांतून त्या दोहोंपैकीं एक वस्तु स्वतःच्या दारांत उभी असेल, तर न्यायासनावर बसण्याचा अधिकारच संपला असें समजावें. पूर्वीं खिल्लारी बैलांच्या जोडीवरून गांवच्या पारावर जे वाद होत, तेच वाद पुढें शहरांतल्या ओसरीवर मोटारींवरून होऊं लागले. १९७५ च्या सुमारास मुंबई-पुण्याकडे दोन मोटारमालक एकत्र आले, कीं हा वाद हटकून निघे. दादरच्या एखाद्या इमारतींत तळमजल्यावरील वकिलांची अॅम्बॅसडर असावी, वरच्या मजल्यावरील डॉक्टरांची फियाट असावी, आणि रविवारीं सकाळीं आपापली गाडी पुसतां पुसतां दोघांनीं एकमेकांस टोमणे मारावे, हा देखावा तेव्हां नित्याचा होता. "डॉक्टर, तुमची गाडी फार नाजूक हो! चार पाहुणे आले, तर एकाला घरींच बसवून ठेवावें लागेल," असें वकिलांनीं म्हणावें, आणि "वकीलसाहेब, तुमची गाडी वळवायला शिवाजी पार्कचें मैदान लागतें, त्याचें काय?" असें डॉक्टरांनीं उत्तर द्यावें. वाद कधींच मिटत नसे. कारण दोघेही आपापल्या परीनें खरेंच बोलत असत.

या दोन गाड्यांचीं नांवेंही मोठीं मनोरंजक आहेत. अॅम्बॅसडर म्हणजे राजदूत. फियाटला पुढें जें पद्मिनी हें नांव मिळालें, तें चितोडच्या राणीचें. राजदूत थोर कीं राणी थोर, हा प्रश्न आतां बाजारांत उरलेला नाहीं. दोघांचेंही उत्पादन बंद पडलें आहे, आणि विक्रेत्याची स्तुति किंवा मालकाचा अभिमान यांपैकीं कोणाचाच आतां अडथळा नाहीं. म्हणूनच या जुन्या वादाचा निवाडा शांतपणें करतां येण्यासारखा आहे. निवाड्यासाठीं प्रथम दोघांचें कुळ, नंतर एंजिन, मग अंगकाठी व चाल, आणि शेवटीं संसारांतला उपयोग अशा क्रमानें पाहणें सोयीचें होईल.

दोन्ही गाड्या जन्मानें परदेशी. अॅम्बॅसडरचें मूळ इंग्लंडांत ऑक्सफर्डनजीक कौली येथील मॉरिसच्या कारखान्यांत आहे. तेथें १९५६ सालीं मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीची तिसरी आवृत्ति निघाली. हिंदुस्थान मोटर्स या कंपनीनें ती गाडी येथें बनविण्याचा करार केला आणि १९५७-५८ पासून ती अॅम्बॅसडर या नांवानें भारतीय रस्त्यांवर आली. ही कंपनी बिर्ला घराण्यानें १९४२ सालीं काढलेली. तिचा पहिला कारखाना काठेवाडच्या किनाऱ्यावर ओखा बंदरीं होता. १९४८ सालीं तो कलकत्त्याजवळ हुगळीकांठीं उत्तरपाडा येथें गेला, आणि अॅम्बॅसडरची सारी हयात पुढें त्याच कारखान्याशीं बांधली गेली.

पद्मिनीचें माहेर इटलींतील ट्यूरिन. १९५३ सालीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत फियाट कंपनीनें '११००-१०३' ही गाडी लोकांपुढें मांडली. इकडे सोलापुरास जन्मलेले उद्योगपति शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली होती. मुंबईच्या कुर्ला उपनगरांतील तिच्या कारखान्यांतून १९४७ सालीं प्रथम बाहेर पडल्या त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या. फियाटशीं संबंध त्यानंतर कांहीं वर्षांनीं जुळला. १९६४ सालीं '११०० डिलाइट' या नांवानें जें रूप येथें तयार होऊं लागलें, तेंच १९७२ सालीं 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ सालीं 'प्रीमियर पद्मिनी' झालें. माहेरचें नांव बदललें तरी शेजारीपाजारी जुन्याच नांवानें हांक मारतात, तसें लोक मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले.

हे दोन कारखाने आपल्या देशांत टिकले आणि इतर गेले, यालाही कारण आहे. १९५३ सालीं सरकारनें असें धोरण ठरविलें कीं, परदेशांतून सुटे भाग आणून येथें नुसत्या जुळवणाऱ्या कंपन्यांना यापुढें वाव देऊं नये. जी कंपनी क्रमाक्रमानें सर्व भाग येथेंच घडविण्याचें पत्करील, तिनेंच हा धंदा करावा. १९२८ पासून मुंबईंत शिवडी येथें गाड्या जुळविणारी जनरल मोटर्स ही बलाढ्य कंपनी त्यानंतर लौकरच आपला पसारा आवरून परत गेली. मोटारगाडी घेऊं इच्छिणाऱ्या गृहस्थापुढें मग मुख्यतः तीनच नांवें राहिलीं: कलकत्त्याची हिंदुस्थान, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड; आणि कालांतरानें खऱ्या अर्थानें पहिलीं दोनच. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. निवाड्याच्या वेळीं तिचें काम पडणार आहे.

आतां एंजिन. दोन्ही एंजिनांस नळकांडीं चार. प्रत्येक नळकांड्यांत एकेक दट्ट्या खालींवर धांवतो आणि त्या धांवेचें रूपांतर चाकांच्या फिरण्यांत होतें. अॅम्बॅसडरला प्रारंभीं बाजूस झडपा असलेलें जुन्या धाटणीचें एंजिन होतें. १९५९ सालीं त्याच्या जागीं डोक्यावर झडपा असलेलें नवें एंजिन आलें, व तेंच पुढें तिची ओळख ठरलें. त्याच्या नळकांड्याचा व्यास ७३ मिलिमीटरांहून किंचित् अधिक आणि दट्ट्याची धांव ८८.९ मिलिमीटर. पद्मिनीच्या नळकांड्याचा व्यास ६८ मिलिमीटर आणि धांव ७५ मिलिमीटर. शाळेंत शिकविलेलें वर्तुळाच्या क्षेत्रफळाचें सूत्र ज्यास आठवत असेल, त्यानें तें येथें लावून पाहावें. क्षेत्रफळास धांवेनें गुणावें आणि त्याची चौपट करावी. म्हणजे अॅम्बॅसडरचें घनफळ १४८९ घन सेंटिमीटर आणि पद्मिनीचें १०८९ घन सेंटिमीटर येतें. फरक बरोबर चारशेंचा. कारखान्यांनीं जाहीर केलेली शक्ति अॅम्बॅसडरची ५५ अश्वशक्ति आणि पद्मिनीची सुमारें ४०.

येथें वकीलसाहेब विजयानें टेबलावर हात आपटतील. परंतु गणित अजून संपलेलें नाहीं. शक्तीस घनफळानें भागलें, तर दर लिटरमागें दोन्हीं एंजिनांची शक्ति सुमारें ३७ अश्वशक्ति, म्हणजे जवळजवळ एकच निघते. एका कारागिरानें मोठी घागर घडविली, दुसऱ्यानें लहान. पण दोन्हीं घागरींचें पितळ एकाच कसाचें, असा याचा अर्थ. इंग्लंडांतले व ट्यूरिनचे यंत्रज्ञ आपापल्या विद्येंत तुल्यबळ होते. तेव्हां दोन गाड्यांच्या स्वभावांत जें अंतर दिसतें, त्याचें कारण केवळ शक्तीच्या आंकड्यांत न शोधतां अन्यत्र शोधावें लागतें.

त्यांतलें एक कारण दट्ट्याच्या धांवेंत आहे. एंजिनाच्या एका फेऱ्यांत दट्ट्या एकदां वर आणि एकदां खालीं जातो. मिनिटास चार हजार फेरे होत असतील, तर अॅम्बॅसडरच्या दट्ट्यास त्या एका मिनिटांत सुमारें ७११ मीटर धांवावें लागतें, आणि पद्मिनीच्या दट्ट्यास बरोबर ६०० मीटर. लांब ढांगा टाकणारा मनुष्य सावकाश चालत असतां ऐटदार दिसतो, पण त्याला पळावयास लावलें म्हणजे लौकर दमतो. अॅम्बॅसडरचें एंजिन तसें आहे. मंद गतींत तें ओझें निमूटपणें ओढतें. चालकानें वरच्या गिअरांत गाडी हळूहळू रेटली तरी तें कुरकुरत नाहीं. पण त्यास अधिक फिरविलें, कीं त्याचा श्वास उंच होतो. पद्मिनीच्या एंजिनाची पाउलें आंखूड व चपळ. तें आनंदानें भरभर फिरतें. मात्र चढावर किंवा गर्दींत त्याच्याकडून काम घ्यावयाचें असेल, तर वेळोवेळीं गिअर बदलून त्याची मर्जी राखावी लागते. एका गाडीचा चालक हात आवरून बसूं शकतो, दुसरीच्या चालकास हात चालता ठेवावा लागतो.

दुसरें कारण वजनाचें. अॅम्बॅसडरचें वजन सुमारें ११०० किलो, पद्मिनीचें सुमारें ९००. दर टनामागें किती शक्ति मिळते हें पाहिलें, तर अॅम्बॅसडरच्या वांट्यास ५० आणि पद्मिनीच्या वांट्यास ४४ अश्वशक्ति येते. हा फरक अष्टमांशाहून अधिक नाहीं. एकटा मनुष्य गाडी हांकीत असेल, तर तो सहसा जाणवणारही नाहीं. परंतु आपल्याकडे मोटार एकट्या मनुष्यासाठीं कोण घेत असे? आजी, दोन मुलें, एक भाचा, वळकटी आणि फराळाचा डबा हें सर्व धरून ४०० किलोंचा भार दोन्हीं गाड्यांवर चढवावा, आणि मग खंडाळ्याच्या घाटास लागावें. आतां अॅम्बॅसडरचें एकूण वजन १५०० आणि पद्मिनीचें १३०० किलो झालें. टनामागें शक्ति पहिलीची सुमारें ३७ आणि दुसरीची सुमारें ३१ उरली. अष्टमांशाचा फरक जवळजवळ पंचमांशावर गेला. रिकाम्या रस्त्यावर ज्या दोघी बरोबरीनें चालतात, त्या भरल्या घाटांत बरोबरीनें चढत नाहींत, हा अनुभव ज्यानें त्यानें घेतलेला असे. त्याचें गणित हें असें आहे. घाटमाथ्यावर एंजिनाची झांकणें उघडून, पाण्याचे डबे हातीं घेऊन वाफ निवण्याची वाट पाहत उभीं असलेलीं कुटुंबें मात्र दोन्हीं पक्षांचीं असत. त्या बाबतींत राजदूत आणि राणी यांच्यांत भेदभाव नव्हता.

सपाट रस्त्यावर गोष्ट निराळी होते. तेथें वजनापेक्षां वारा अधिक आडवा येतो. अॅम्बॅसडर सुमारें १६८ सेंटिमीटर रुंद आणि १६० सेंटिमीटर उंच. पद्मिनीची रुंदी व उंची दोन्हीं १४६-१४७ सेंटिमीटरांच्या आसपास. म्हणजे वाऱ्यापुढें अॅम्बॅसडर जी छाती काढून उभी राहते, ती पद्मिनीच्या सव्वापट आहे. अधिक शक्तीचा बराचसा भाग त्या रुंद छातीनें वारा दूर सारण्यांतच खर्ची पडतो. त्यामुळें शक्तींत एवढें अंतर असूनही दोघींचा परमावधीचा वेग ताशीं सुमारें १२० किलोमीटरांच्या घरांतच राहतो. त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर तो वेग गांठण्याचा प्रसंग क्वचितच येत असे, आणि आला तर शहाणा चालक तो टाळीत असे. कारण मुळांत दोन्हीं गाड्यांच्या चारही चाकांस ढोलाचेच ब्रेक होते, आणि धांवतें वजन जितकें अधिक, तितका पायाचा जोरही अधिक लागे.

आतां अंगकाठी आणि चाल. अॅम्बॅसडरची लांबी सुमारें ४.३२ मीटर, पद्मिनीची सुमारें ३.९३ मीटर, रुंदींत अंतर एका वितीएवढें. पुढच्या व मागच्या चाकांमधलें अंतर अॅम्बॅसडरचें २.४६ मीटर आणि पद्मिनीचें २.३४ मीटर. चाकांचें माप अॅम्बॅसडरचें १५ इंची, पद्मिनीचें १४ इंची. हे आंकडे कोरडे वाटतील. परंतु गृहस्थाश्रमाच्या दृष्टीनें एंजिनापेक्षां यांचेंच महत्त्व अधिक. ती वीतभर रुंदी म्हणजे मागच्या बाकावर तीन मोठीं माणसें आणि एक मूल ऐसपैस बसणें. आणि ती हातभर लांबी म्हणजे गिरगांवच्या गल्लींत दोन उभ्या गाड्यांच्या मधली जागा सांपडणें किंवा न सांपडणें. दोन्हीं गाड्यांत गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबालाच जोडलेला असे, म्हणून पुढेंही सलग बाक असे, आणि चालकाशेजारीं दोघांची सोय होई. या एका सोयीमुळें या दोन्हीं गाड्या एकत्र कुटुंबास मानवल्या, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं.

रस्त्याचे धक्के सोसण्याची रीतही दोघींची अर्धी सारखी आणि अर्धी निराळी. मागच्या बाजूस दोघींनाही पोलादी पाट्यांच्या कमानी होत्या, जशा त्या पूर्वींच्या घोड्यांच्या बग्गीला असत. पुढच्या बाजूस अॅम्बॅसडरला पिळदार दांडीची योजना होती. एका लांब पोलादी दांडीचें एक टोंक घट्ट बांधलेलें असतें. खड्ड्यांत चाक वर उचललें गेलें, कीं ती दांडी ओल्या धोतरासारखी पिळली जाते, आणि पीळ सुटला म्हणजे चाक पूर्वस्थितीस येतें. पद्मिनीच्या पुढील प्रत्येक चाकावर मळसूत्री वळणाची स्प्रिंग होती. मोठें चाक, जड अंग आणि पिळदार दांडी यांमुळें अॅम्बॅसडर खडीच्या व खड्ड्यांच्या रस्त्यावर होडीसारखी डुलत, पण निर्भयपणें जाई. पद्मिनी खड्डा अधिक स्पष्टपणें कळवी. मात्र वळणावर तिचा तोल अधिक नेटका असे, आणि हलक्या अंगामुळें शहराच्या गर्दींत ती पाण्यांतल्या मासोळीसारखी वळे. दोघींनाही निराळा सांगाडा नव्हता. पत्र्याची काया आणि सांगाडा हीं एकच होतीं. ही रचना १९५०-६० च्या काळांत आधुनिक समजली जाई, आणि ती तशी होतीही.

पेट्रोलच्या खर्चांत राणीचा पक्ष वरचढ. लिटरमागें अॅम्बॅसडर साधारणपणें नऊ-दहा किलोमीटर आणि पद्मिनी बारा-तेरा किलोमीटर जाते, असा लोकांचा अनुभव असे. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेलाचा पुरवठा आंखडल्यावर जगभर तेलाच्या किंमती कडाडल्या, तेव्हां या दोन-तीन किलोमीटरांनीं पुष्कळ कुटुंबांचे निर्णय फिरविले.

एवढ्या तपशिलावरून दोन्हीं गाड्यांनीं आपापलीं नगरें कां निवडलीं हें उघड होतें. मुंबई हें समुद्रांत शिरलेलें चिंचोळें शहर. जागा थोडी, गल्ल्या अरुंद, रस्ते तुलनेनें गुळगुळीत, अंतरें शहरांतल्या शहरांतलीं, आणि कारखाना कुर्ल्यास हाकेच्या अंतरावर. टॅक्सीच्या धंद्यांत दिवसाचा नफा पेट्रोलच्या खर्चांतून उरतो. तेव्हां काळ्या-पिवळ्या रंगाची टॅक्सी म्हणून मुंबईनें पद्मिनीस वरिलें यांत नवल नाहीं. डाव्या अंगास बाहेर बसविलेलें तें लोखंडी मीटर आणि टपावरचा सामानाचा पिंजरा यांसह ती गाडी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकरांच्या नजरेंत बसली. उलट, कलकत्त्यास उत्तरपाडा जवळ, आणि तेथील पिवळ्या टॅक्सींत प्रशस्त अॅम्बॅसडरच शोभली. दिल्लींत मंत्री व सचिव यांना पांढरी अॅम्बॅसडर मिळाली, आणि जिल्ह्याच्या ठिकाणीं कलेक्टरला मिळाली, ती तिच्या रुंद दारांमुळें, उंच बैठकीमुळें आणि कच्च्या रस्त्यावरील सोशिकपणामुळें. विदर्भ-मराठवाड्यांतील ज्या गृहस्थास पावसाळ्यांत चिखलाची वाट तुडवून शेतावर जावयाचें, त्यास डॉक्टरांची फियाट कितीही देखणी वाटली, तरी उपयोगाची नव्हती.

येथवर पाहिल्यास निवाडा सोपा दिसतो: ओझें, खड्डे आणि मोठें कुटुंब यांसाठीं राजदूत, काटकसर, गर्दी आणि चपळाई यांसाठीं राणी. वकील आणि डॉक्टर या दोघांनींही हस्तांदोलन करून घरीं जावें. परंतु एवढ्यावर थांबणें म्हणजे साक्षीदारांपैकीं सर्वांत महत्त्वाच्या साक्षीदारास न बोलावणें होय. तो साक्षीदार म्हणजे काळ.

मॉरिस ऑक्सफर्डची ती तिसरी आवृत्ति इंग्लंडांत १९५९ सालीं बंद झाली. तिची भारतीय कन्या त्यानंतर पंचावन्न वर्षें जगली. फियाट ११०० हिचा वंश इटलींत १९६९ सालीं संपला. तिची भारतीय कन्या २००० सालापर्यंत कारखान्यांतून बाहेर पडत होती. दीर्घायुष्य ही मनुष्याच्या बाबतींत अभिनंदनाची गोष्ट. यंत्राच्या बाबतींत तिची चौकशी केली पाहिजे. या अवधींत अॅम्बॅसडरच्या तोंडवळ्यांत १९६२, १९७५ आणि १९७९ सालीं थोडाथोडा फेरफार झाला, डिझेलचें एंजिन आलें. पण पेट्रोलच्या एंजिनांत खरी सुधारणा झाली ती नव्वदीनंतर, जपानच्या इसुझु कंपनीचें १८१७ घन सेंटिमीटरांचें, ७५ अश्वशक्तीचें एंजिन व पांच गिअर आले तेव्हां. पद्मिनीचें तर मुख्यतः नांवच बदललें. याचें कारण कारागिरांचा आळस एवढेंच सांगणें अन्यायाचें होईल. किती गाड्या बनवाव्या याचा परवाना सरकारचा, परदेशी यंत्रसामग्रीसाठीं लागणारें चलन दुर्मिळ, आणि दाराशीं ग्राहकांची रांग. बयाणा भरून कुटुंबें वर्षानुवर्षें गाडीची वाट पाहत. मुलीच्या जन्मावेळीं नोंदविलेली गाडी तिच्या लग्नाच्या वरातीस तरी मिळेल कीं नाहीं, असा विनोद लोक करीत. ज्या दुकानासमोर रांग कधीं मोडतच नाहीं, त्या दुकानदारानें माल कां बदलावा?

म्हणून दादरच्या त्या दोन शेजाऱ्यांच्या वादांत एक गोष्ट दोघांच्याही नजरेंतून सुटत असे. ते ज्या दोन गाड्यांची तुलना करीत होते, त्या तुलनेंत तिसरी वस्तु मांडण्याची मुभाच नव्हती. आपली निवड ही खरोखर आपली निवड आहे कीं उरलेल्या दोहोंतील एक पत्करणें आहे, हें त्यांना तपासतां येत नव्हतें. तिसरी वस्तु आली ती डिसेंबर १९८३ त. गुडगांवच्या कारखान्यांतून मारुती ८०० बाहेर पडली. तिला नळकांडीं तीनच, घनफळ केवळ ७९६ घन सेंटिमीटर. पण वजन सुमारें साडेसहाशें किलो आणि शक्ति जवळजवळ पद्मिनीइतकीच. टनामागें अश्वशक्तीचा तोच जुना भागाकार येथें केला, तर उत्तर साठाच्या घरांत येतें. म्हणजे जिच्या पन्नासाचें आणि चव्वेचाळिसाचें कौतुक वर्षानुवर्षें चाललें होतें, त्या दोघींनाही एका ठेंगण्या पोरीनें एका दिवसांत मागें टाकलें. राणी आणि राजदूत यांच्यांतलें अंतर किती थोडें होतें, आणि त्या दोघांपासून जग किती दूर गेलें होतें, हें त्या दिवशीं लोकांना उमगलें.

तरी या जुन्या गाड्यांच्या न बदलण्यांतून एक लाभही झाला, आणि तो न सांगणें कृतघ्नपणाचें ठरेल. तीस-चाळीस वर्षें एकच यंत्र रस्त्यावर राहिल्यामुळें त्याची विद्या कारखान्याच्या भिंतींतून बाहेर पडली आणि वडाच्या झाडाखालच्या मिस्तरीच्या हातांत गेली. तालुक्याच्या गांवींही असा एखादा कारागीर असे, कीं जो नुसत्या आवाजावरून कोणती झडप सैल झाली तें सांगे, कांचकागदाच्या तुकड्यानें ठिणगीचा भाग साफ करी, आणि गरजेपुरता सुटा भाग स्वतःच्या चरकावर घडवून देई. त्यानें पुस्तक वाचलें नव्हतें. गाडीच त्याचें पुस्तक होती, आणि त्या पुस्तकाची आवृत्ति कधीं बदलत नव्हती. मुंबईच्या कित्येक टॅक्सीवाल्यांनीं एकाच पद्मिनीवर मुलांचीं शिक्षणें केलीं. गाडी म्हातारी झाली तरी चालूं शकली, कारण ती दुरुस्त करणें त्यांच्या ऐपतींत होतें. पुढें आलेल्या गाड्या अधिक वेगवान, अधिक सुरक्षित आणि अधिक काटकसरी निघाल्या यांत संशय नाहीं. पण त्यांच्या पोटांतली विजेची गुंतागुंत झाडाखालच्या त्या मिस्तरीच्या आवाक्याबाहेर गेली, हेंही तितकेंच खरें.

मे २०१४ मध्यें उत्तरपाड्याच्या कारखान्याचें काम थांबलें आणि अॅम्बॅसडरची वाट संपली. मुंबईंत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत नोंदली गेली होती. टॅक्सीच्या वयास वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिचीही सेवा कायद्यानें संपुष्टांत आली. त्या वेळीं ज्यांनीं डोळे पुसले, त्यांच्यांत गाडीच्या दोषांचा पाढा आयुष्यभर वाचलेले लोकही होते. मनुष्य गाडीसाठीं रडत नाहीं. त्या गाडींत बसून जी आजी दवाखान्यांत गेली, जें बाळ घरीं आलें, जी मुलगी सासरीं निघाली, त्यांच्या आठवणीनें तो रडतो. ती साक्ष कोणत्याही भागाकारांत बसत नाहीं, आणि बसविण्याचा अट्टाहासही करूं नये.

मग शेवटचा निवाडा काय? ज्या वर्षीं त्या आंखल्या गेल्या, त्या वर्षींच्या मापानें दोन्हीं गाड्या उत्तम होत्या, आणि आपापल्या रस्त्यावर दोघीही अजिंक्य होत्या. लिटरमागें सदतीस अश्वशक्तीचा तो आंकडा दोघींच्या गुणांची समान साक्ष देतो. पण पुढच्या तीस-चाळीस वर्षांत त्या तेथेंच उभ्या राहिल्या, आणि तो दोषही दोघींच्या पदरीं समानच आहे. कोणतेंही यंत्र पारखतांना म्हणून दोन प्रश्न विचारावे. पहिला, तें कोणत्या वाटेसाठीं आणि कोणाच्या संसारासाठीं घेतलें जात आहे. आणि दुसरा, घेणाऱ्यास नको म्हणण्याचें स्वातंत्र्य होतें काय. वकील आणि डॉक्टर पहिल्या प्रश्नावर रविवारमागून रविवार भांडत राहिले. दुसरा प्रश्न विचारावयास त्यांना १९८३ सालच्या एका लहानशा गाडीची वाट पाहावी लागली. आणि ती आली त्यानंतर, शेजारचीं मुलें सांगत कीं, त्या इमारतीच्या अंगणांतला वाद हळूहळू आपोआप थांबला.